तीनशे चाळीस ग्रॅम

अन्वी आणि निहार, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं होतं, "आजी, आजोबांचं विमान शेवटी बॅलन्स झालं होतं का?" आणि मी म्हणाले, उशीर झाला, झोपा आता. मेलबर्नला तेव्हा भर दुपार होती. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला दिसलं. आजी थकली असेल, असं तुमच्या आईने सांगितलं असणार. मी थकले नव्हते, मला उत्तर माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं मी एका औषधांच्या कारखान्यात कागदपत्रं सांभाळली. तिथे पहिल्या दिवशी शिकवायचे की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. मी एक गोष्ट केली आणि ती कुठेच लिहिली नाही. आजोबांना जाऊन आता दोन महिने होत आले. ती गोष्ट डोक्यात इतकी फिरते आहे की एका जागी बसवत नाही. या चार ओळी लिहिताना मी दोनदा उठून गॅरेजचं कुलूप पाहून आले. तुम्ही आता मोठे आहात, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

तो गुरुवार होता. मी बावधनला दातांच्या दवाखान्यात गेले होते. तोंड अर्धं बधिर, रिक्षा चांदणी चौकात अडकलेली, आणि रशीदभाईंचा फोन आला. रशीदभाईंना तुम्ही ओळखता. पिरंगुटच्या बाजारात त्यांचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, आणि रिमोटवर उडणारी विमानं बनवायची आजोबांनी आणि उडवायची त्यांनी, असा दोघांचा करार होता. "वहिनी, कुठं हायसा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "घरी या. घाई न्हाई... या." घाई नाही म्हणाले, तेव्हाच मला कळलं. ते इंधनाचा कॅन घ्यायला भुकूमच्या आपल्या घरी आले होते. आजोबा गॅरेजमध्ये जमिनीवर बसलेले होते, पाठ टेबलाच्या पायाला टेकलेली, चष्मा डोळ्यांवर, शेजारी विमान पट्ट्यांत टांगलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडली. केव्हाही झालं असतं. केव्हाही, हा शब्द मी त्या दिवसापासून चघळते आहे.

आजोबा पिरंगुटच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. लोखंडाचा तुकडा हातात घेऊन तो किती जाड आहे हे ते न मोजता सांगायचे, आणि मग मोजून स्वतःलाच शाबासकी द्यायचे. निवृत्त झाल्यावर माणसं गावोगावी देवदर्शनाला जातात. हे आधी बिनइंजिनाची विमानं करत बसले, मग पंख्याची, आणि शेवटी हे लाल जेट. अडीच मीटर लांब, एकोणीस किलो वजन, पोटात खरं टर्बाइन, जे केरोसीनवर चालतं आणि अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसवतं. आपल्या सोसायटीच्या चेअरमननी पहिल्याच चाचणीनंतर मला गाठून विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी शिकलेल्या आहात ना?" मी म्हणाले, शिकलेली आहे म्हणूनच आग विझवायचं नळकांडं घेऊन शेजारी उभी असते. ते काम माझंच होतं. इंजिन सुरू होताना मी लाल नळकांडं धरून उभी राहायची. आजोबा म्हणायचे, "बाईसाहेब अशा उभ्या आहेत की आग लागायची हिंमतच करणार नाही."

दुसरं काम रजिस्टरचं. विमान बांधून झालं तरी ते विमान होत नाही, हे मी त्या सहा महिन्यांत शिकले. आजोबा रिमोटची कांडी पूर्ण ओढायचे, मी शेपटीच्या फळीला पट्टी लावून वाचायची : "वर बावीस." मग खाली. "एकवीस." "परत बघ." "एकवीसच." मग त्या एका मिलिमीटरसाठी दुपार जायची. उजवा आणि डावा पंख सारखे हलले पाहिजेत, रिमोट अचानक बंद पडला तर इंजिन आपोआप विझलं पाहिजे, चाकं एकदम आत गेली पाहिजेत. प्रत्येक आकडा मी लिहायची, तारखेसकट, सहीसकट. रजिस्टर इंग्रजीत आहे, कारण माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. हे मात्र मराठीत लिहिते आहे. आमची भांडणं मराठीत व्हायची.

आणि सगळ्यात शेवटी तोल. पंखांच्या खाली एक ठरलेली रेघ असते. त्या रेघेवर विमान टांगलं तर ते सपाट राहिलं पाहिजे. मोठ्या टाक्या रिकाम्या हव्यात, कारण केरोसीन उडताना जळून जातं, आणि उतरतानाचा तोल महत्त्वाचा. नाक जड झालं तर विमान आळशी होतं. शेपूट जड झालं तर वेडं होतं, वर उचललं की पुन्हा हातात येत नाही. रशीदभाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "म्हंजी कावडच की, भाऊ." आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी गॅरेजच्या तुळईला साखळीची पुली लावली, तिला दोन रुंद पट्टे टांगले आणि त्या सगळ्याला कावडच म्हणायला लागले. आपलं जेट कावडीत टांगलं तेव्हा शेपूट खाली गेलं. नाकात वजन हवं होतं. आजोबांना शिसं घालणं अजिबात पसंत नव्हतं. "शिसं म्हणजे आळशी माणसाचा उपाय," ते म्हणाले. "बॅटऱ्या जड आहेत, त्याच पुढे सरकवायच्या. नवीन ट्रे कापावा लागेल, बस." मी म्हणाले, "अहो, सहा महिने झाले. घाला शिसं आणि संपवा." रशीदभाईही म्हणाले, संपवा. मग टायरवाल्याकडून शिशाची वजनं आली, आजोबांनी ती बारीक तोडली, मी जुन्या परकराच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या. त्यातल्या तीनशे चाळीस ग्रॅमच्या पिशवीला विमान सपाट झालं. मी लिहिलं : नाकात तीनशे चाळीस. पहिलं उड्डाण रविवारी, पौडच्या पुढे रशीदभाईंच्या शेतातल्या पट्टीवर.

त्याआधी आजोबा दोन दिवस साताऱ्याला एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेले. आणि मी गॅरेज आवरलं.

ही ती गोष्ट. नाकाचं झाकण उघडं होतं. आत एक पिशवी होती, फोमच्या तुकड्याने नुसती दाबून ठेवलेली. तिच्यावर लेबल नव्हतं. कारखान्यात जी वस्तू कायमची असते ती चिकटवलेली असते, असं माझ्या डोक्यात पक्कं. ही उरलेली असणार. खरं वजन आत कुठेतरी पक्कं बसवलं असेल. मी ती उचलली आणि सात नंबरच्या डब्यात टाकली, ज्यावर माझ्याच अक्षरात 'शिसे' लिहिलं आहे. मग झाकण लावून चारही स्क्रू पिळले, कारण उघडी झाकणं मला बघवत नाहीत. उड्डाण झाल्यावर ते पिशवी चिकटवणार होते, हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही.

गुरुवारी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "शेपूट जड वाटतंय गं. काल ढकलताना पुढचं चाक हलकं लागलं."

"अहो, चारदा तपासलंय. मी स्वतः लिहिलंय. रजिस्टर बघा."

"रजिस्टर बरोबर असेल. पण विमान वेगळं सांगतंय."

"मग विमानाशीच बोला," मी म्हणाले. मला दाताच्या डॉक्टरकडे उशीर होत होता. कप विसळायला ठेवला आणि निघाले. हे आमचं शेवटचं बोलणं.

पुढचे तेरा दिवस माणसांत गेले. तुमची आई होती तोवर मला हलायलाच दिलं नाही तिने. ती परत गेली त्या दुपारी मी गॅरेज उघडलं आणि सवयीने डबे नीट लावायला लागले. सात नंबरचा डबा उचलला तर जड लागला. पिशवी काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. तीनशे चाळीस. पुन्हा ठेवली. तीनशे चाळीस. मग मला सगळं एकदम दिसलं... चाक हलकं का लागलं, त्या सकाळी ते गॅरेजमध्ये का गेले, एकोणीस किलोचं विमान एकट्याने कावडीत का चढवलं. रशीदभाईंची वाट त्यांनी पाहिली नाही, कारण मी त्यांना खोटं ठरवून गेले होते. त्या दुपारपासून मी झोपले तरी मध्येच उठते. कपाटं आवरते, आवरलेलीच परत आवरते. कोणाला सांगणार? डॉक्टर म्हणाले होते, केव्हाही झालं असतं. पण केव्हाही झालं नाही. त्या सकाळीच झालं.

तीन आठवडे मी पिशवी पिठाच्या डब्यामागे ठेवली. मग रशीदभाईंचा फोन आला. "वहिनी, भाऊंचं इमान ह्या रविवारी उडवू म्हंतो. सगळी येत्याली. त्यांची लई विच्छा व्हती." मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. शेपूट जड असलेलं विमान, पोटात केरोसीन, आणि पट्टीच्या कडेला माणसं उभी. मी गप्प राहिले तर काय होईल हे मला आकड्यांत माहीत होतं. मी पुन्हा फोन लावला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पिशवी, डबा, स्क्रू, चहा, सगळं. पलीकडून दुकानातलं गिऱ्हाईक ऐकू येत होतं, रंगाचा डबा मागत होतं. रशीदभाई त्याला म्हणाले, "थांब रं जरा." मग मला म्हणाले, "उद्या येतो. कावड काढून ठिवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी विमान टांगलं. पट्टे रेघेवर बसवले, चाकं खाली, टाक्या रिकाम्या. पिशवी माझ्या पदरात होती. मी म्हणाले, आधी तसंच बघू, किती बिघडलंय ते कळू दे. रशीदभाईंनी साखळी ओढली, विमान जमिनीवरून वीतभर उठलं, झुललं, आणि थांबलं. त्यांनी विमानाच्या पाठीवर पाणसळ ठेवली आणि वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं.

"वहिनी... हे तर सपाट हाय."

"असं कसं असेल? पिशवी माझ्याकडे आहे."

"तुमीच बघा की. बुडबुडा मदोमद हाय."

मी पिशवी नाकावर ठेवली. नाक खाली गेलं. काढली, सपाट. आम्ही झाकण उघडलं. आत बॅटऱ्या होत्या त्या जागी नव्हत्या. दीड वीत पुढे सरकल्या होत्या, नव्या प्लायवूडच्या ट्रेवर, नव्या पट्ट्यांनी आवळलेल्या. ट्रेच्या कोपऱ्याला कानसही मारलेली. खाली झाकणाच्या कडेला भुसा अजून पडलेला होता. मी दवाखान्यात असताना त्या तीन तासांत त्यांनी पिशवी गायब झाल्याचं ओळखलं होतं आणि तिला शोधत न बसता, आधीपासून जे करायचं म्हणत होते तेच केलं होतं. रशीदभाई हसले आणि डोळेही पुसले. "ऐकलं न्हाई शेवटपर्यंत. शिसं घातलंच न्हाई गड्यानं."

मी विचारलं, "हे करतानाच झालं ना?"

"वहिनी, एवढीशी साखळी ओढायला कसला जोर लागतोय?"

ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी साखळी ओढून पाहिली. जोर लागतो.

मग मला आठवलं, त्या दिवशी माणसं यायला लागली तेव्हा टेबलावर रजिस्टर उघडं होतं. नव्या, कोऱ्या पानावर, शेजारी पेन. घर नीट दिसावं म्हणून मी ते मिटलं आणि पेन कपाटात ठेवलं. आजोबांनी रजिस्टरमध्ये कधी एक अक्षर लिहिलं नाही. ते उघडून ठेवायचे, मी आले की आकडे सांगायचे. म्हणजे काम पुरं झालं होतं आणि मी येऊन लिहायची तेवढी राहिली होती. पिशवी मीच हलवली हे त्यांनी ओळखलं होतं का? ओळखलं असणार. आवरणारं घरात दुसरं कोण आहे? मला ते काय बोलले असते, याची मी रोज वेगवेगळी वाक्यं करून पाहते. एकही त्यांच्यासारखं वाटत नाही.

रविवारी विमान उडलं. मी नळकांडं धरून उभी होते. रशीदभाईंनी दोन मोठी वळणं घेतली आणि उतरवलं, तिसरं घेतलं नाही. "हात ओले झालेत," म्हणाले. रजिस्टरच्या कोऱ्या पानावर मी तारीख घातली ती त्या गुरुवारची. बॅटऱ्या पुढे, शिसं शून्य, तोल बरोबर. सहीच्या जागी माझं नाव आहे, कारण लिहिलं मी. काम केलं त्याच्या जागी त्यांचं.

तर निहार, हो, झालं होतं. कोणी मदत केली नसताना, आणि मी बिघडवलेलं असताना. मला त्याने बरं वाटायला हवं होतं. काही दिवस वाटतं. काही दिवस मी साखळीजवळ जाऊन उभी राहते.

विमान रशीदभाईंच्या शेडमध्ये आहे, कारण आपल्या गॅरेजमध्ये ते मला पाहवत नाही. रजिस्टर माझ्या कपाटात आहे. कावड तुळईला आहे. परकराच्या कापडाची ती पिशवी माझ्या लिहायच्या टेबलावर आहे, आणि तिला मी लेबल लावलेलं नाही.