पुंजाजीचं कोवळं तोंड

माझा भाऊ पुंजाजी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. हे सांगावं लागतं, कारण बघून कोणी म्हणणार नाही. सत्ताविसाव्या वर्षीही त्याला धड मिशी नव्हती आणि पंचविशीतच माझं टक्कल चमकायला लागलं होतं. एकाच आईच्या पोटचे आम्ही, मग देवानं हा दुजाभाव काऊन करावा? देऊळघाटच्या बाजारात बाया त्याला म्हणायच्या, "लेका, मोठ्या भावाले विचारून घे," आणि बोट माझ्याकडं. तो हसायचा. मेल्याचे दातसुद्धा चांगले होते.

वडील गेले आणि गावची पाटीलकी मोकळी झाली. ती थोरल्या मुलाकडं जायची, म्हणजे पुंजाजीकडंच. रूपही त्याचं आणि मानही त्याचा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चौकशीला नायब तहसीलदार आले, आमच्या ओसरीवर बसले. पुंजाजीकडं पाहून म्हणाले, "तू थोरला? अजून मिसरूड फुटलं नाही. वयाचा पुरावा दाखव."

कोतवालानं गावचं जन्ममृत्यूचं बुक आणलं. वडिलांच्या नावापुढं दोन वर्षांच्या अंतरानं दोन नोंदी होत्या. मुलगा, आणि परत मुलगा. नावं कुठंच नव्हती, कारण कोतवाल बारशाच्या आधीच नोंद करून मोकळा व्हायचा. जमलेले गावकरी एका सुरात म्हणाले, "पुंजाजीच थोरला हाये, साहेब." पढवलेल्या साक्षी साहेबांनी पुष्कळ ऐकल्या असाव्यात. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "तुम्ही सांगा. थोरलं कोण?"

पुंजाजी निर्धास्त बसला होता.

"मी," मी म्हणालो.

साहेबांनी टाक शाईत बुडवला. तेवढ्यात विहिरीवरून आमच्या दोघांच्या बायका आल्या. इथं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. पुढं असलेल्या माझ्या गीतानं साहेबांना पाहून नुसता डोक्यावरचा पदर सारखा केला. मग खांबाआडचा पुंजाजी दिसला, तशी पदरानं तोंड झाकून ती गोठ्याकडून मागल्या दाराला गेली. मागून आलेली गोजरबाई मात्र थेट माझ्यासमोर उभी राहिली. "भाऊजी, बसून काय राह्यले? घागरीले हात लावा!"

"या कोणाच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"झाकून गेली ते या वामनरावची, साहेब. अन् हे पुंजाजीची," कोतवाल म्हणाला.

साहेब वऱ्हाडातलेच होते. भावजय धाकट्या दिराशी मोकळी बोलते आणि थोरल्यासमोर तोंड दाखवत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी टाक खाली ठेवला.

"सरकारी चौकशीत खोटं बोललात. तुरुंगात जाल!"

पुंजाजी उठला आणि त्यानं हात जोडले. "साहेब, मनावर घेऊ नका. लहान हाये तो. चुकलं त्याचं."

लहान! जन्मात पहिल्यांदा मला कोणी तसं म्हटलं. साहेबांनी माझ्या टकलाकडं पाहिलं, त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी पाटीलकीला पुंजाजीचं नाव लिहिलं.

पाटीलकीचं दुःख दिवाळीपर्यंत विसरलो. पण त्याच्या जागी मी असतो, तर भावाला तुरुंगात जाऊ दिलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आजही पुंजाजीचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठीच.