मंजुळामावशी अन् कुलूप लावलेली कॅसेट

चित्र गेलं वं माय! टीव्हीवरल्या बाबाचं तोंड एकदम पांढरं फक झालं, मंग काळं, मंग पुन्हा पांढरं. मी पोराले कडेवर घेऊन ओरडली, "मावशी, म्या काही नाही केलं, नुसता खटका दाबला!" कॅसेटची नक्कल उतरवाले दोन व्हिडिओ मशिनी वायरनं जोडल्या होत्या, एक मंजुळामावशीची, एक गांधीबागेतून भाड्यानं आणलेली. जळल्या असन तं भरून कुठून देऊ?

मावशीनं वायर उपटली, कॅसेट आपल्या एकट्या मशीनीत लावली. बाबा साफ दिसले, पेटी वाजवत. "मशीन चांगली हाय. रडू नको, पोरगं भेलं."

मावशी आमच्या शेजारची. नवरा गेल्यावर तिनं घरात व्हिडिओ मांडला. व्हिडिओ लायब्ररीतून भाड्यानं कॅसेट आणे, सतरंजी हाथरे, पैसे घेऊन वस्तीले दाखवे, त्यावरच तिची चूल पेटे. परत द्याच्या आधी फीत उलटी फिरवून सुरुवातीले आणे, डब्बा पदरानं पुसे. कोणी हात लावला तं म्हणे, "दुसऱ्याची वस्तू हाय गा. लेकीसारखी आली, लेकीसारखी जाईन."

माहे बाबा भीमगीतं गात. मुंबईच्या एका कंपनीनं त्याईच्या गाण्याच्या पार्टीची व्हिडिओ कॅसेट काढली होती. उन्हाळ्यात बाबा वारले. घरात एक फोटो बी नाही. म्हणून मले नक्कल पाहिजे होती, पोराले आजा दाखवाले.

लायब्ररीवाला आला तं मावशीनं त्यालेच विचारलं.

"कंपनीनं फितीतच कुलूप घातलं, मावशी. पाहाले चालते. नक्कल केली का चित्र असंच नाचते."

"मंग मले इकत द्या," मी म्हटलं.

"एकच हाय, ताई. कंपनी आता पाठवत नाही, आमचा मालक इकत नाही."

"वा रे वा!" मावशी म्हणे. "बाप हिचा, गळा त्याचा, अन् कुलूप कंपनीचं काहून?"

तो हसला. "आज पाहून घ्या. उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी मावशीनं कॅसेट माह्या मांडीवरल्या पोराच्या दुपट्यात खुपसली. "ठेव. तोंड उघडू नको."

तो आला. मावशी सुपात तांदूळ निवडून राहिली होती. "मशीननं फीत खाल्ली गा. तुकडे झाले, फेकली."

"तुमच्या हातून?" त्याचं तोंड उतरलं. "मावशी, मालक आता तुम्हाले कॅसेट देत नाही पाहा."

"नको देऊ म्हणा."

म्हटलं तं खरं, पण तिचा हात सुपातच थांबला. मी तिच्या चुलीकडे पाह्यलं, पोराकडे पाह्यलं, अन् दुपट्यातून कॅसेट काढून त्याच्या हातात देली.

त्यानं कॅसेट उलटीपालटी करून पाह्यली. "मावशी, तुम्ही बी खोटं बोलता?"

"बोलली," मावशी म्हणे. "हिच्या बापासाठी बोलली. जाय आता."

कॅसेटी बंद नाही झाल्या. पण तोवर लायब्ररीवाला मावशीच्या नुसत्या शब्दावर देत होता, त्या दिवसापासून आधी पैसे ठेवून घे. मावशी गुमान ठेवे. ती मरेपर्यंत मले टाकून एक शब्द नाही बोलली, उलट पोराले खाऊच देत राह्यली.

मी चूप बसली असती तं तिची चूल गेली असती. कॅसेट देली तं तिचा शब्द गेला, अन् बाबा बी गेले. सांगा आता, मांडीवर पोरगं, त्याच्याखाली बाप, अन् समोर मावशी, तुम्ही काय केलं असतं?