येडगावच्या गाळावरचा सँडरलिंग

समुद्रपक्षी बघायला समुद्रावर जावं, एवढं मलाही कळतं. पण सुट्टी दोनच दिवसांची होती आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येडगाव धरणाचं पाणी ओसरलं, की काठावर रुंद चिखल उघडा पडतो. काठाने धावणारे बरेच पक्षी तिथेही उतरतात. शनिवारी पहाटे पुण्याहून स्कूटर काढली. नाशिक रस्ता चांगला आहे. चहा पेठला घ्यावा, नारायणगावातून धरणाकडे वळावं. मुक्कामाला जुन्नर सोयीचं. स्टँडजवळ साधी, स्वच्छ खोली मिळते.

पाणी मागे हटलं की इथले लोक मोकळ्या झालेल्या गाळात पीक घेतात. तिथल्याच मंगलकाकूंचा भुईमूग असाच काठाकडे उतरत गेला होता, आणि त्या त्यात खुरपत होत्या. शेतातून एक काळा पाइप पाण्यापर्यंत गेलेला. त्याच्या टोकाशी फिकट रंगाचा एक पक्षी धावत होता. काळे पाय, सरळ काळी चोच. ओळखू येईना. लांबून आकार कळेना आणि तुलनेला शेजारी दुसरा पक्षी नव्हता.

मी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. काकूंना विचारलं, पाइप किती इंची?

"तीन इंची. का वो ताई, घ्यायचाय का?"

फोटोत पाइपाची जाडी धरून पक्ष्याची लांबी काढली. उत्तर आलं सँडरलिंग. हा वाळूच्या किनाऱ्यावरचा पक्षी. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कुणीच तो धरणावर पाहिलेला नव्हता. दुसऱ्यांच्या नोंदींना पुरावा मागणारी त्या ग्रुपमध्ये मीच. मी लिहिलं, "सँडरलिंग. मोजून खात्री केली आहे." रात्रीपर्यंत ग्रुपमधल्या दोन गाड्या रविवारी सकाळी यायच्या ठरल्या.

रविवारी सकाळी पक्षी तिथेच होता. शेजारी कंठेरी चिखल्या येऊन उभा राहिला. चिखल्या चिमणीहून थोडा मोठा. माझा सँडरलिंग त्याच्यापेक्षाही लहान दिसत होता.

चिखल तुडवत पाइपाच्या टोकाशी गेले. पाइप माझ्या मुठीत जवळजवळ मावला.

"तुमी वरची इचारली," काकू म्हणाल्या. "पाणी मागं सरलं, तवा ह्यांनी म्होरं घरातली जुनी दोन इंची जोडली."

म्हणजे पक्षीही मी मोजला त्याच्या दोन तृतीयांशच. छोटा टिलवा. हिवाळाभर प्रत्येक तळ्यावर असतो आणि त्याला बघायला कुणी पेट्रोल जाळत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. गाड्या पेठला पोचल्या होत्या. फोनवर जोशीकाका होते, ग्रुपमधले सर्वांत ज्येष्ठ. सगळे वाट बघतायत, म्हणाले. 'पक्षी उडाला' म्हटलं असतं, तर कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. मी शांत आवाजात सुरुवात केली, "काका, पक्षी उडून..."

"न्हाई वो ताई, हितंच हाय की!" काकू मागून ओरडल्या. "त्यो बगा, पाइपापाशी!"

"कोण आहे तिकडे?" जोशीकाकांनी विचारलं.

मग सगळं सांगितलं, पाइपासकट. पलीकडून गाडीभर हसू ऐकू आलं. एक गाडी पेठहून परतली. दुसरी आली, मुख्यतः पाइप बघायला. काकूंनी त्यांना घरच्या शेंगा दिल्या आणि पक्ष्याऐवजी माझ्याकडे बोट दाखवत सगळी हकिकत पुन्हा ऐकवली.

घरी येऊन बूट धुतले, नोंद दुरुस्त केली. टिलव्याचे फोटो चांगले आलेत. इतकी वर्षं त्याच्याकडे मी धड पाहिलंच नव्हतं.

ग्रुपवर माझं नाव आता 'तीन इंची' पडलंय. माप चुकीचं आहे, पण ते मी दुरुस्त करायला सांगितलेलं नाही.