फडातला सराव

हिवाळ्यातला सराव बुडाला म्हणून पोरीचं नाव कापता, तेव्हा हिवाळ्यात तिला गावातून कोण घेऊन गेलं, हे विचारता का?

पाटोद्यात आमचा डिस्क गोल्फचा संघ होता. प्लास्टिकची चकती लांबून साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत फेकायची, एवढाच खेळ. सामने उन्हाळ्यात, दिवाळीनंतर नुसता सराव. त्या वर्षी पाऊस झालाच नाही आणि मी आईबरोबर ऊसतोडीला गेले. ट्रॉली भरून गेली की रिकाम्या फडात वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा उभा करून मी त्यावर चकती मारत राहायचे. आई म्हणायची, "दिसभर मोळ्या उचलून हात दुखत न्हाई का गं तुझा?"

परत आले तर हिवाळ्यातल्या सरावाला हजेरी नाही म्हणून संघाच्या यादीत माझं नाव नव्हतं. आमची तोडकऱ्यांची टोळी नेणाऱ्या सहकारी साखर कारखान्याचे संचालकच संघाचे अध्यक्ष होते.

"फडात रोज सराव केलाय. आत्ता फेकून दाखवते," मी त्यांना म्हटलं.

"हजेरी मैदानावर लागते, पोरी. कोयता फेकायची स्पर्धा निघाली की तुलाच पाठवू."

सगळे हसले. चकती कुणी हातात दिलीच नाही.

यंदा टोळ्या निघायच्या आधी तुमच्या गावच्या संघाची नियमावली मागा, आणि हजेरीची ती अट खोडल्याशिवाय तिथून उठू नका.