काचवाल्यांची उघडी मेलपेटी

रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, मागच्या जिन्याखालच्या कार्यशाळेत, काचवाले बसतात. प्राध्यापकांना बाजारात न मिळणारी उपकरणं ते ज्योतीवर काच तापवून, फुंकून, वाकवून करून देतात. पन्नाशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं, बोलणं मोजकं. "सगळी हवा नळीत घालतो, मग तोंडातून शब्द कुठून निघणार?" असं त्यांची थोरली बहीण म्हणते.

कार्यशाळेत संगणक नाही. मेल पाहायची तर वरच्या चहाच्या खोलीत जायचं आणि तिथल्या सामायिक संगणकावर ब्राउझर उघडून विद्यापीठाच्या पानावर नाव, पासवर्ड टाकायचा. या खोलीचा एक अलिखित कायदा आहे. कुणी आपली मेलपेटी उघडी टाकून गेलं, की पुढच्याने त्याच्याच नावाने सगळ्यांना कळवून टाकायचं: उद्याचा चहा माझ्याकडून. मग कुरकुर चालत नाही. विभागप्रमुखसुद्धा यात सापडले होते आणि त्यांना पकडलं होतं काचवाल्यांनीच. त्या वेळी ते आठवडाभर मिशीत हसत होते.

शेजारच्या रोपवाटिकेच्या बाईही मेल पाहायला याच खोलीत येत. तिशीतच नवरा गेला, तेव्हापासून एकट्या. हाताला माती, आवाज खणखणीत. काचवाल्यांनी त्यांना एक मेल लिहायला घेतली होती. 'रविवारी सकाळी तळ्यावर फिरायला याल का?' एवढीच. पण दर खेपेला एखादा शब्द बदलायचा आणि उठायचं, असं चाललं होतं. न पाठवलेली ती मेल आपोआप मसुद्यांत जाऊन बसायची.

त्या दिवशीही ते 'याल का' खोडून 'येणार का' करत होते, तेवढ्यात खाली ज्योत चालू राहिल्याची आठवण झाली. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून ते धावले. खिडकी मिटली म्हणजे पेटीला कुलूप लागलं, असा त्यांचा पक्का समज. ब्राउझरचा तसा समज नव्हता.

जेवणानंतर प्रयोगशाळेतला सहायक दारात डोकावला. "काका, अखेर सापडलात! उद्या चहा तुमचा. शिवाय क्रीमची बिस्किटं, असं स्वच्छ लिहिलंय."

काचवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. सहायकाला वाटलं, बिस्किटांमुळे.

दोन-दोन पायऱ्या चढत ते वर गेले. मसुदा जागेवर होता, गेलेला नव्हता. पण कुणीतरी आत येऊन गेलं होतं. कोण? एरवी पकडणारा गावभर दवंडी पिटतो. या वेळी सगळे हसत होते, कबूल मात्र कुणी होईना.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला सांगितलं. "ताई, कुणी वाचलं असेल तर तोंड दाखवायला जागा नाही. बाईंच्या कानावर गेलं तर त्या इकडे फिरकायच्याही बंद होतील."

"अरे, दाखवायला तोंड उघडावं लागत नाही. उद्या निमूट चहा पाज."

दुसऱ्या दिवशी खोली भरली. बिस्किटांचा फडशा पडला, विभागप्रमुखांनी मुद्दाम दोनदा चहा घेतला. गर्दी ओसरली तेव्हा बेसिनपाशी काचवाले कप धूत होते आणि रोपवाटिकेच्या बाई पुसत होत्या.

"ती चहाची मेल मीच पाठवली," बाई म्हणाल्या.

काचवाल्यांच्या हातातला कप नळाखाली भरून वाहू लागला.

"तुमच्या पेटीत हिंडायला गेले नव्हते हो. चहाचं लिहिलं आणि बाहेर पडताना मसुद्यांवर टिचकी पडली, तर वरच माझं नाव. आपल्या नावाचं टपाल माणूस उघडतोच."

"मग... वाचलंत?"

"वाचलं. कुठल्या रविवारी ते लिहिलेलंच नाही. आणि खाली 'कळावे, आपला विश्वासू' काय? मी काय भांडारप्रमुख आहे?"

"नळ्यांची मागणी पाठवताना तसंच लिहितो. बोटांना सवय."

"तिथल्या तिथे पाठवून टाकू शकले असते. पण म्हटलं, ज्याचं त्याने विचारावं." त्यांनी कप पालथा ठेवला आणि पुढचा हातात घेतला नाही. वाट पाहत उभ्या राहिल्या.

काचवाल्यांनी नळ बंद केला. दारात सहायक घोटाळत होता. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो नाहीसा झाला.

"या रविवारी," काचवाले म्हणाले. "सकाळी. ऊन चढायच्या आत. याल का?"

"येईन. पण आधी रोपांना पाणी घालावं लागतं. उशीर झाला तर?"

"थांबेन."

थांबण्याचा त्यांना भरपूर सराव होता.