गयाबाईचा पाय आणि दहाचा काटा

“धीरं हाक बे डायवर! काटा दहाच्या वर चालला!”

नामदेवभाऊ माझ्या शेजारी बसून स्पीडोमीटरवर डोळे लावून होते. मी ब्रेक दाबला, अन् मागून त्यांच्या बायकोची, गयाबाईची किंकाळी आली.

शिडी निसटून गयाबाईची मांडी मोडली होती. धामणगाव बढे गावच्या कंपाउंडरनं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या अन् मला बाजूला घेऊन सांगितलं, “हाड अजून अंदर हाय. हिसक्यानं कातडी फोडून बाहेर आलं, तं पाय कापा लागन.” वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं अन् मी गावोगाव उतारू नेणारी सर्व्हिस मोटर चालवायचो. मागचे बाक काढले, बाज ठेवली, निघालो बुलढाण्याच्या दवाखान्यात.

निघतानाच नामदेवभाऊंनी विचारलं होतं, “हा काटा काय सांगते?”

“दहावर राह्यला तं तासात दहा मैल. पाच कोस.”

“बापरे! माहे बैल तासाले दीड कोस जातेत. दहाच्या वर नोको जाऊ.”

त्यांचं तरी काय चुकलं? बैलगाडीत जितकं धीरं, तितकं सुख. पण मोटर घडीघडी आवरायची म्हणजे क्लच, गिअर, ब्रेक, पुन्हा क्लच. दर वेळी हिसका. वाटेतलं मोताळा येईस्तोवर गयाबाई ओरडून ओरडून थकल्या.

“आखीन धीरं घे,” नामदेवभाऊ म्हणाले.

माझं डोकं सणकलं. “आता काय मोटर डोक्यावर घेऊन चालू?”

मागून गयाबाई दात आवळून बोलल्या, “भाऊ, मोटर एकसारखी चालली का दुखत नाही. धीरं झाली का दुखते, जोरात झाली का दुखते.”

मी चाटच पडलो. ताशी दहा मैल ही झाली चाल. दहाचे वीस करायला एक मिनिट लावलं, तर चाल मिनिटाला ताशी दहा मैलांनी वाढली. तेच एका सेकंदात केलं, तर माणूस बाजेवरून खाली. म्हणून चाल बदलण्याच्या या मापात वेळ दोनदा येतो, एकदा चालीचा अन् एकदा ती बदलण्याचा. पुढं हायस्कुलातल्या एका मास्तरांनी याचं नाव त्वरण म्हणून सांगितलं. अंगाला लागतं ते हेच.

मी काटा अगदी सावकाश वीसवर नेला अन् तिथंच धरला. मागं सामसूम.

“जित्ती हायेस ना वो?” नामदेवभाऊ घाबरले.

“हाव. तुमी गप बसा.”

घाटात मात्र काटा पंधरावर खिळलेला असूनही पहिल्याच वळणावर त्या कळवळल्या.

“काटा तं हालला नाही! मंग काऊन?” नामदेवभाऊंनी विचारलं.

“दिशा बदलली ना, भाऊ.” चालीला दिशा जोडली की मास्तर लोक तिला वेग म्हणतात. दिशा वळली की वेग बदललाच. मोटर डावीकडं वळते, पाय मात्र सरळ जाऊ पाहतो अन् उजवीकडं ढकलला जातो. मी म्हणालो, “मागं जा. मी डावं म्हटलं का उजवीकून गोधडी लावून पाय धरा.”

सारा घाट मी “डावं! उजवं!” ओरडत चढलो. नामदेवभाऊ गोधडीसकट पायाला बिलगून होते.

डॉक्टरांनी कामट्या सोडल्या. कातडी शाबूत होती. पाय वाचला. थोडा आखूड झाला, पण गयाबाई पुन्हा कापूस वेचायला गेल्या. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर नामदेवभाऊ माझा हात धरून ढसाढसा रडले. “मी तिच्याच जिवासाठी म्हनत होतो रे, धीरं घे, धीरं घे.”

त्यानंतर पेशंट नेताना, किती हळू जाऊ, हे मी सोबतच्या माणसाला कधी विचारलं नाही. कधी दुखतं, ते पेशंटला विचारलं.