धाकटीचा उंदीर

आमच्या हिच्यासारखी शांत बाई शोधून सापडायची नाही, असं प्रयोगशाळेतले लोक म्हणतात. त्यांचं काय जातं म्हणायला! धाकट्या बहिणीचं नाव निघालं की आमच्या स्वयंपाकघरात भांडी कशी आपटतात, ते मी ऐकतो.

दोघी बहिणी एकाच ठिकाणी कामाला. एका रानउंदराच्या जातीचा जनुकीय नकाशा बनवायचं काम चालू होतं. ही तळमजल्यावर प्राण्यांच्या रक्तातून डीएनए काढते. धाकटी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर त्याची जुळणी करते. कौतुक सगळं वरच्या मजल्याचं. सासूबाईसुद्धा हिलाच फोन करून विचारायच्या, "धाकटीचा उंदीर काय म्हणतोय?" हिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

पहिला नकाशा फसला. त्या वेळी डीएनए हिने नाही, तळमजल्यावरच्या दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, त्याचे तुकडे इतके बारीक की जुळता जुळेनात. त्या संध्याकाळी ही भाजी चिरताना चक्क गुणगुणत होती.

"लॉटरी लागली का गं?" मी विचारलं.

"लागली," ती म्हणाली, आणि मला न मागता चहा मिळाला.

पण दुसऱ्याच दिवशी धाकटी घरी आली. डोळे सुजलेले. "ताई, या वेळी तूच काढ डीएनए. पुन्हा फसलं तर मला काढून टाकतील गं."

डीएनएचे धागे लांबच्या लांब राहिले तरच नकाशा जुळतो. नळी जोरात हलवली की ते तुटतात, आणि नुसतं बघून कुणाला कळतही नाही. हिने डीएनए काढायला घेतला, त्या दिवशी मी हिला आणायला गेलो, तेव्हा दाराच्या काचेतून ती दिसली. नळी चिमटीत धरून तिने पार खांद्यापर्यंत उचलली होती. चेहरा असा, की मीच घाबरलो. एक झटका, की धाकटीचा निकाल! मग तिने ती नळी अलगद बर्फात ठेवली. आमच्या लेकीला तान्हेपणी इतक्या हळू कधी पाळण्यात ठेवलं नसेल.

काही आठवड्यांनी नकाशा अखंड आला. धाकटीने सगळ्यांसमोर ताईला मिठी मारली. घरी आल्यावर ही चपलाही न काढता खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"अगं, तिची नोकरी वाचली. बरंच झालं की," मी म्हणालो.

"तेच तर! जन्मात एकदा तिचं काहीतरी तुटलेलं बघायचं होतं मला. आणि ते तुटू नये म्हणून श्वास रोखून कोण बसलं होतं? मीच मेली!"